टेक्सास प्रजासत्ताकाची पहिली वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलस या भागांत आता भरपूर मराठी घरं आहेत. तिथल्या शाळांत मुलांना चौथीत आणि पुन्हा सातवीत टेक्सासचा स्वतंत्र इतिहास शिकवतात. मुलं घरी येऊन विचारतात आणि शिवाजी महाराजांपासून पानिपतापर्यंत सगळं पाठ असलेले आईबाप निरुत्तर होतात. इथले बरेच प्रश्न तिथून आलेले आहेत, काही इतिहासाची आवड असलेल्या वाचकांचे आहेत. भर मुद्दाम पहिल्या सहा-सात वर्षांवर आहे, कारण खरी ओढाताण त्या काळातली.

टेक्सास खरंच स्वतंत्र देश होता का? किती काळ?

होता. २ मार्च १८३६ ला मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर झालं आणि १९ फेब्रुवारी १८४६ ला सत्ता अमेरिकेतल्या राज्य सरकारकडे गेली. म्हणजे दहा वर्षांना थोडेच दिवस कमी. या काळात स्वतःची राज्यघटना, संसद, आरमार, चलन, परदेशांत वकील, सगळं होतं. मेक्सिकोने मात्र जवळजवळ शेवटपर्यंत हा आपलाच बंडखोर प्रांत मानला.

लढाई जिंकण्याआधी सरकार कुठे होतं?

पळत होतं. यात अतिशयोक्ती नाही.

ब्राझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन नावाच्या गावात ५९ प्रतिनिधी एका अर्धवट बांधलेल्या घरात जमले. खिडक्यांना काचा नव्हत्या, म्हणून सुती कापड ताणून लावलेलं आणि बाहेर कडाक्याची थंडी. तिथे दोन आठवड्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि घटना तयार झाली. तेवढ्यात ६ मार्चला सॅन अँटोनियोतलं अलामो हे टेक्सासच्या लोकांचं ठाणं पडल्याची बातमी आली आणि मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती सांता आना याची फौज पुढे सरकते आहे म्हटल्यावर सगळ्यांनी गाशा गुंडाळला. जाता जाता डेव्हिड बर्नेटला हंगामी राष्ट्राध्यक्ष केलं. हा गृहस्थ तिथे प्रतिनिधीसुद्धा नव्हता! उपराष्ट्राध्यक्ष झाला लोरेन्झो दे सावाला, मूळचा युकातानचा आणि मेक्सिकोच्या राजकारणात मुरलेला.

पुढचा महिनाभर हे सरकार गावोगाव हिंडत होतं. एप्रिलच्या मध्यावर बर्नेट बायकोला घेऊन होडीत बसतो न बसतो तोच मेक्सिकन घोडदळ किनाऱ्यावर पोचलं. होडीत बाई दिसतेय म्हणून कर्नल आल्मोंते याने गोळी झाडू दिली नाही, म्हणून नव्या देशाचा राष्ट्राध्यक्ष वाचला.

सांता आना कैद झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. का मिटला नाही?

२१ एप्रिल १८३६ ला सॅन जसिंटोवर टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टन याच्या माणसांनी दुपारी विश्रांती घेणाऱ्या मेक्सिकन छावणीवर हल्ला केला. मुख्य लढाई अठरा मिनिटांत संपली, कत्तल मात्र बराच वेळ चालली. दुसऱ्या दिवशी सांता आना सापडला. घोट्याला गोळी लागलेला ह्यूस्टन उपचारासाठी न्यू ऑर्लिन्सला गेला आणि बर्नेटच्या गळ्यात हा कैदी पडला.

बर्नेटने १४ मे रोजी वेलास्को इथे त्याच्याशी दोन तह केले, एक उघड आणि एक गुप्त. फौजा रिओ ग्रान्देपलीकडे जातील, सांता आनाला मायदेशी सोडलं जाईल आणि तो तिथे टेक्सासच्या बाजूने शब्द टाकेल, असा एकूण मसुदा. कागदावर शहाणपणाचा होता. पण अलामो आणि गोलियाडला ज्यांची माणसं मारली गेली, त्यांना या माणसाला फासावर लटकलेलं बघायचं होतं. जूनच्या सुरुवातीला त्याला वेराक्रूझला नेणाऱ्या जहाजावरून नुकत्याच आलेल्या स्वयंसेवकांनी त्याला खाली उतरवलं. सरकारने हात चोळत बघितलं. जुलैमध्ये तर लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी बर्नेटलाच अटक करायचा घाट घातला. तिकडे मेक्सिकोच्या संसदेने कैदेतल्या माणसाने केलेला तह आम्हाला बांधील नाही असं सांगितलं, आणि त्यात चूक काय होतं?

या प्रकरणात नव्या देशाचं सगळं दुखणं दिसतं. करार करणारं सरकार होतं, पण तो पाळायला लावण्याची ताकद सरकारकडे नव्हती. ती छावणीत होती. शेवटी ह्यूस्टनने सांता आनाला गुपचूप अमेरिकेत वॉशिंग्टनला पाठवून दिलं, तिथून तो १८३७ मध्ये परत गेला.

स्टीफन ऑस्टिनला ‘टेक्सासचा जनक’ म्हणतात. मग तो पहिली निवडणूक का हरला?

नुसता हरला नाही, तिसरा आला. ५ सप्टेंबर १८३६ चे आकडे असे: ह्यूस्टन ५,११९, हेन्री स्मिथ ७४३, ऑस्टिन ५८७. ह्यूस्टन मतदानाच्या जेमतेम अकरा दिवस आधी रिंगणात उतरला होता.

वसाहती बसवण्यात ऑस्टिनची पंधरा वर्षं गेली, पण ऐन लढाईत तो मदत मागायला अमेरिकेत होता. जमिनीच्या व्यवहारांवरून त्याच्याबद्दल कुजबुजही होती. शिवाय १८३६ मध्ये आलेल्या नव्या लोकांना तो कोण हे धड माहीतच नव्हतं. त्यांना सॅन जसिंटोचा लंगडणारा सेनापती माहीत होता.

ह्यूस्टनचं पहिलं चांगलं काम म्हणजे त्याने हरलेल्या दोघांनाही मंत्रिमंडळात घेतलं. ऑस्टिन परराष्ट्रमंत्री, स्मिथ खजिनदार. हे दोघे दोन वेगळ्या गटांचे होते आणि बाहेर ठेवले असते तर दोन्ही गट उरावर बसले असते. दुर्दैवाने ऑस्टिन २७ डिसेंबर १८३६ ला न्यूमोनियाने गेला. वय ४३.

पहिला राष्ट्राध्यक्ष राहायचा कुठे?

मे १८३७ मध्ये पक्ष्यांची चित्रं काढणारा जॉन जेम्स ऑड्युबॉन ह्यूस्टन शहरात आला होता. ऑगस्टस आणि जॉन या ॲलन बंधूंनी हे गाव जेमतेम वर्षापूर्वी बफेलो बायूच्या काठावर आखलेलं. घोट्याच्या वर पाण्यातून चालत ऑड्युबॉन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पोचला. ओंडक्यांच्या दोन खोल्या आणि मध्ये बोळ. जमीन चिखलाने बरबटलेली, मोठा जाळ पेटलेला, मधोमध कागदांनी भरलेलं टेबल, इकडे तिकडे खाटा आणि ट्रंका. संसद भवनाला छप्पर नव्हतं, आत पावसाचं पाणी. या सगळ्यात ह्यूस्टन मात्र मखमली कोट आणि सोनेरी किनारीची विजार घालून उभा!

लोक याला नाटकी म्हणत, आणि तो नाटकी होताच. पण खिशात पैसे नसलेल्या देशाचा प्रमुख म्हणून बाहेरच्या माणसासमोर उभं राहायचं तर दुसरं होतं काय त्याच्याकडे?

सर्वांत मोठं आव्हान कोणतं? मेक्सिको?

माझ्या मते नाही. पहिल्या वर्षात सर्वांत मोठी डोकेदुखी होती आपलीच फौज.

लढाई संपल्यावर अमेरिकेतून स्वयंसेवकांचे लोंढे आले. लढाई हुकलेली, जमीन हवी, नाव हवं. १८३६ च्या उन्हाळ्यात अडीच हजारांच्या आसपास माणसं छावण्यांमध्ये बसून होती. त्यांना पगार नाही, धड खायला नाही, शत्रू समोर नाही. बर्नेटने त्यांच्यावर मिराबो लामारला सेनापती नेमलं तर त्यांनी त्याला सरळ नाकारलं. थॉमस रस्कने कसंबसं सांभाळलं, मग फेलिक्स ह्यूस्टन आला. हा सॅमचा नातेवाईक नव्हे. त्याच्या आडनावाचं स्पेलिंगही वेगळं आहे, मराठीत लिहिताना मात्र गोंधळ होतो, म्हणून इथून पुढे त्याला फेलिक्सच म्हणू. त्याला माटामोरोसवर चाल करून मेक्सिकोत घुसायचं होतं.

राष्ट्राध्यक्षाने त्याच्या जागी आल्बर्ट सिडनी जॉन्स्टनला पाठवलं. फेलिक्सला हा अपमान वाटला, त्याने द्वंद्वाचं आव्हान दिलं. ५ फेब्रुवारी १८३७ ला पिस्तुलं चालली, जॉन्स्टनच्या कमरेत गोळी बसली आणि नवा सेनापती अंथरुणाला खिळला. फौज फेलिक्सकडेच राहिली.

मग सॅमने जे केलं त्याला मी तरी त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत चलाख चाल म्हणेन. फेलिक्स स्वारीसाठी संसदेचं मन वळवायला राजधानीत आला. सॅमने त्याचं आदरातिथ्य केलं, त्याला बोलू दिलं. आणि तो इकडे भाषणं करत असताना मे महिन्यात युद्धमंत्र्याला तिकडे छावणीवर पाठवून सहाशे माणसं सोडून सगळ्या फौजेला रजेवर धाडलं. ‘बरखास्त’ हा शब्दच वापरला नाही. बरखास्त म्हटलं की थकलेला पगार चुकता करा म्हणून गर्दी झाली असती, कदाचित बंडही. रजेवरचा शिपाई मात्र कागदोपत्री शिपाईच राहतो, सरकार बोलावेल तेव्हा यायचं. फेलिक्सचं भाषण संपलं तेव्हा त्याला फौज उरली नव्हती.

तिजोरीत किती पैसे होते?

खडखडाट होता. ह्यूस्टनने सूत्रं घेतली तेव्हाच साडेबारा लाख डॉलरच्या आसपास कर्ज होतं. तीस-चाळीस हजार गोऱ्या वस्तीच्या देशाला हे न पेलणारं ओझं.

उत्पन्नाचा भरवशाचा मार्ग एकच, बंदरावरची जकात, मुख्यतः गॅल्व्हेस्टनला. मालमत्ता कर बसवला होता, पण वस्त्या विखुरलेल्या, वसुली करणारी माणसं नाहीत, आणि कर देणाऱ्याकडे रोकड नाही. पन्नास लाखांचं कर्ज काढायला संसदेने मंजुरी दिली. देणार कोण? १८३७ मध्ये अमेरिकेत बँका कोसळल्या आणि तिथला पैसा आटला.

म्हणून नोटा छापल्या. ह्यूस्टनच्या पहिल्या कारकिर्दीतल्या नोटा मर्यादित होत्या, त्यांवर व्याज होतं आणि काही काळ त्या बऱ्यापैकी चालल्या. लामार राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८३९ पासून ज्या नोटा निघाल्या त्यांची पाठ लालसर असायची, त्यांना ‘रेडबॅक’ म्हणत. मागे ना सोनं ना चांदी. तीन वर्षांत डॉलरची किंमत बारा-पंधरा सेंटवर आली, १८४२ पर्यंत दोन सेंटवर. गंमत अशी की लोक सरकारचा कर याच नोटांत भरत. म्हणजे सरकारनेच काढलेला निकामी कागद सरकारकडेच परत, आणि शिपायाला, कारकुनाला पुन्हा तोच. दुसऱ्यांदा निवडून आल्यावर ह्यूस्टनने रेडबॅक घेणं बंद केलं, पदं रद्द केली, पगार कापले. राष्ट्राध्यक्षाचा स्वतःचा पगार दहा हजारांवरून पाच हजारांवर आणला. तरी कर्जावरचं व्याज वाढतच गेलं आणि विलीनीकरणापर्यंत एकूण कर्ज एक कोटीच्या घरात पोचलं.

पैसा नव्हता पण जमीन तर अफाट होती. ती का विकली नाही?

विकली की. न्यू ऑर्लिन्समध्ये पन्नास सेंट एकराने जमिनीची प्रमाणपत्रं विकायला काढली होती. पण ज्या देशात लाखो एकर फुकट मिळतेय तिथे ती विकत कोण घेणार? स्वातंत्र्याच्या दिवशी टेक्सासमध्ये असलेल्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाला साडेचार हजारांहून जास्त एकर देण्याचं घटनेनेच कबूल केलं होतं, मागाहून आलेल्यांना कमी कमी. सैनिकांना पगाराऐवजी जमीन. यातून वस्ती झपाट्याने वाढली, पण तिजोरी भरली नाही. खोटी प्रमाणपत्रं, एकाच जमिनीला दोन मालक, मोजणीचे घोळ यांतून पूर्व टेक्सासात शेल्बी कौंटीमध्ये १८३९ ते १८४४ दोन टोळ्या एकमेकांना ठार मारत होत्या. शेवटी ह्यूस्टनला तिथे मिलिशिया पाठवावी लागली.

अमेरिकेने टेक्सासला लगेच सामावून का घेतलं नाही? लोकांना तर तेच हवं होतं ना?

हवं होतं. पहिल्याच निवडणुकीत विलीनीकरणावर कौल घेतला, ३,२७७ बाजूने आणि विरोधात फक्त ९१.

अडचण गुलामगिरीची होती. टेक्सास आला असता तर गुलामगिरीवाल्या राज्यांचं पारडं जड झालं असतं आणि उत्तरेकडच्या राज्यांना ते नको होतं. शिवाय मेक्सिकोशी युद्धाची भीती. अँड्र्यू जॅक्सन हा ह्यूस्टनचा जुना पाठीराखा, पण त्यानेही मान्यता द्यायला आपल्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस उजाडू दिला, ३ मार्च १८३७. पुढच्या व्हॅन ब्युरनने विलीनीकरणाला त्याच वर्षी स्पष्ट नकार दिला. १८३८ मध्ये टेक्सासने अर्ज मागे घेतला.

लामार आणि ह्यूस्टन यांचं नेमकं काय बिनसलं होतं?

काय नाही, असं विचारा!

घटनेप्रमाणे पहिल्या राष्ट्राध्यक्षाची मुदत दोन वर्षं, पुढच्यांची तीन, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नसे. १८३८ मध्ये ह्यूस्टनच्या गटाने आधी पीटर ग्रेसनला उभं केलं, त्याने आत्महत्या केली. मग जेम्स कॉलिन्सवर्थला, तो गॅल्व्हेस्टनच्या खाडीत बुडाला. त्यामुळे लामार ६,९९५ विरुद्ध २५२ असा निवडून आला. शपथविधीला ह्यूस्टन जॉर्ज वॉशिंग्टनच्या थाटात, केसांना पावडर लावून आला आणि निरोपाचं भाषण तीन तास लांबवलं. लामार इतका खचला की त्याने आपलं भाषण चिटणिसाला वाचायला दिलं.

लामार जॉर्जियाचा, कविता करणारा. त्याला टेक्सास अमेरिकेत घालायचाच नव्हता, पॅसिफिकपर्यंत पसरणारं साम्राज्य त्याच्या डोळ्यांसमोर होतं. काही गोष्टी त्याच्या खात्यावर चांगल्याच म्हणायला हव्यात. प्रत्येक कौंटीत शाळांसाठी आणि दोन विद्यापीठांसाठी जमीन राखून ठेवण्याचा १८३९ चा कायदा त्याच्या काळातला. कर्जदाराचं राहतं घर जप्त करता येणार नाही हा कायदाही त्याच वर्षीचा. युरोपातल्या देशांची मान्यताही त्याच्या काळात आली, फ्रान्सची १८३९ मध्ये आणि पाठोपाठ हॉलंड आणि ब्रिटनची.

पण स्वप्नांना पैसा लागतो. १८४१ मध्ये त्याने संसदेची मंजुरी नसताना तीनशेवर माणसं सांता फेला पाठवली, तिथले लोक आनंदाने टेक्सासमध्ये येतील या भरवशावर. वाट चुकले, उपाशी मेले, उरलेले शरण गेले आणि त्यांना पायी मेक्सिकोच्या राजधानीकडे चालवलं गेलं. लामार पायउतार झाला तेव्हा कर्ज सत्तर लाखांच्या घरात होतं.

मूळ रहिवाशांशी या सरकारचं वागणं कसं होतं?

हा प्रश्न शाळेच्या पुस्तकात बहुधा दोन परिच्छेदांत आटोपतो. तो तसा आटोपण्यासारखा नाही.

ह्यूस्टन तरुणपणी चेरोकी लोकांत राहिलेला. त्यांचा एक प्रमुख त्याला मुलगा मानत असे. टेनेसीचं गव्हर्नरपद १८२९ मध्ये सोडल्यावर तो पुन्हा त्यांच्याकडेच गेला होता. फेब्रुवारी १८३६ मध्ये, स्वातंत्र्य जाहीर व्हायच्या काही दिवस आधी, त्यानेच टेक्सासच्या चेरोकींशी तह केला. तुम्ही युद्धात पडू नका, पूर्व टेक्सासातली तुमची जमीन तुमची राहील. चेरोकींनी शब्द पाळला. डिसेंबर १८३७ मध्ये टेक्सासच्या सिनेटने तह फेटाळला. राष्ट्राध्यक्ष स्वतः तहावर सही करणारा, आणि तो काही करू शकला नाही.

लामारने तर चेरोकींनी चालतं व्हावं असाच हुकूम काढला. जुलै १८३९ मध्ये नेचेस नदीकाठी दोन दिवस लढाई झाली. त्यांचा प्रमुख ड्युवाली, वय ८३, ह्यूस्टनने भेट दिलेली तलवार कमरेला लावून घोड्यावर होता. घोडा पडला, मग तोही. जखमी होऊन बसलेल्या म्हाताऱ्याला जवळून गोळी घातली गेली. वाचलेले उत्तरेकडे हाकलले गेले.

कोमांचींची गोष्ट वेगळी. त्यांचे छापे खरे होते, वस्तीवरची माणसं, मुलं ते पळवून नेत. १९ मार्च १८४० ला सॅन अँटोनियोत बोलणीसाठी ६५ जण आले, बायकामुलांसह. ठरल्याप्रमाणे सगळे कैदी आणले नाहीत म्हणून टेक्सासच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की उरलेले कैदी येईपर्यंत तुमचे प्रमुखच आमचे कैदी. बोलणीला आलेल्या पाहुण्यांना ओलीस धरायचं, हे सांगून होताच दुभाषा खोलीबाहेर पळाला आणि आत मारामारी जुंपली. बारा प्रमुखांसह पस्तीस कोमांची मारले गेले, टेक्सासचे सात. ऑगस्टमध्ये कोमांचींनी थेट समुद्रापर्यंत धडक मारली. ८ ऑगस्टला लिनव्हिल नावाचं बंदर जाळलं. गावकरी होड्यांत बसून आपली गोदामं जळताना बघत होते. लुटीत टोप्या आणि छत्र्यांचा माल सापडला, तर कोमांची स्वार त्याच उंच टोप्या घालून, घोड्यांच्या शेपट्यांना रंगीत फिती बांधून परतले. चार दिवसांनी प्लम क्रीकवर त्यांना गाठलं गेलं. लिनव्हिल पुन्हा कधी उभं राहिलं नाही.

खर्चाचं बोलायचं तर सीमेवरच्या या धोरणावर ह्यूस्टनच्या पहिल्या कारकिर्दीत सुमारे एक लाख नव्वद हजार डॉलर गेले, लामारच्या तीन वर्षांत पंचवीस लाख, आणि ह्यूस्टनच्या दुसऱ्या कारकिर्दीत एक लाखाच्या आत. ह्यूस्टनने दुसऱ्या वेळी व्यापारी ठाणी उघडली, १८४३ आणि ४४ मध्ये बोलणी केली, कोमांचींशीही तह केला. जमिनीची हद्द मात्र त्यालाही ठरवून देता आली नाही, कारण गोऱ्या वस्तीवाल्यांना हद्द नकोच होती.

स्वातंत्र्य सगळ्यांना मिळालं का?

नाही. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती, टेक्सासने मात्र ती घटनेत पक्की केली. संसदेला गुलाम मुक्त करणारा कायदा करता येणार नाही, मालकालाही संसदेच्या परवानगीशिवाय आपला गुलाम मुक्त करता येणार नाही, आणि मुक्त कृष्णवर्णीय माणसाला परवानगीशिवाय तिथे राहता येणार नाही. १८३६ मध्ये पाच हजारांच्या आसपास गुलाम होते, १८५० च्या जनगणनेत ५८,१६१. १८४० च्या कायद्याने तर सगळ्या मुक्त कृष्णवर्णीयांना दोन वर्षांत देश सोडायला सांगितलं. ह्यूस्टनने ती मुदत लांबवली, पण तो स्वतः गुलाम बाळगून होता हेही सांगायला हवं.

मेक्सिकन वंशाचे तेहानो खांद्याला खांदा लावून लढले होते. हुआन सेगीन सॅन जसिंटोवर होता, पुढे सिनेटर झाला, सॅन अँटोनियोचा महापौर झाला. पण नवे येणारे प्रत्येक तेहानोकडे हेर म्हणून बघत. धमक्यांना कंटाळून १८४२ मध्ये तो मेक्सिकोत पळाला आणि त्याच वर्षी मेक्सिकन फौजेबरोबर आपल्याच गावावर चालून आला. त्याच्यापुढे तुरुंग नाहीतर फौज एवढेच पर्याय ठेवले होते, असं त्याने नंतर सांगितलं.

राजधानी सारखी का बदलत होती? आणि ते डुकरांचं भांडण काय?

कोलंबिया, मग ह्यूस्टन, मग १८३९ मध्ये लामारने सीमेच्या टोकाला वसवलेलं ऑस्टिन. ह्यूस्टनला स्वतःच्या नावाचं शहर प्रिय आणि ऑस्टिन म्हणजे जंगलात नेऊन ठेवलेलं सरकार वाटे. १८४२ मध्ये मेक्सिकन हल्ल्याचं निमित्त करून त्याने राजधानी हलवली आणि डिसेंबरात सरकारी दप्तर आणायला वीसेक माणसं आणि तीन गाड्या पाठवल्या. दप्तर गेलं की जमिनीचे कागद गेले, म्हणजे शहर मेलं. खाणावळ चालवणाऱ्या अँजेलिना एबर्लीने गाड्या भरताना बघितल्या आणि गावातली तोफ डागली. गावकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी गाड्या गाठून दप्तर परत आणलं. कोणी मेलं नाही.

डुकरांचं भांडण १८४१ चं. फ्रान्सचा प्रतिनिधी द्युब्वा द सालिन्यी याच्या घोड्यांचा मका ऑस्टिनमधल्या बुलक नावाच्या खाणावळवाल्याची डुकरं खात, घरातही घुसत. नोकराने डुकरं मारली, बुलकने नोकराला बदडलं. सरकार आपल्या बाजूने उभं राहत नाही म्हणून सालिन्यी रागाने लुइझियानाला निघून गेला. फ्रान्सकडून मिळायचं पन्नास लाखांचं कर्जही हुकलं. फक्त डुकरांमुळेच हुकलं असं नाही, पण त्यांनी हातभार लावला.

१८४२ मध्ये मेक्सिकोने हल्ला केला तेव्हा ह्यूस्टनने युद्ध का टाळलं?

कारण हिशेब त्याला कळत होता. मार्चमध्ये मेक्सिकन सेनापती वास्केझने सॅन अँटोनियो घेतलं आणि दोन दिवसांत सोडलं. सप्टेंबरात वोल आला, तेव्हा तिथे कोर्ट भरलेलं होतं, त्याने न्यायाधीश आणि वकीलच कैद करून नेले.

मधल्या काळात जूनमध्ये संसदेने ह्यूस्टनला जवळजवळ हुकूमशहाचे अधिकार आणि एक कोटी एकर जमीन देऊन मेक्सिकोवर स्वारी करायला सांगितलं. त्याने नकाराधिकार वापरला. जमीन विकून फौज उभी राहत नाही, हे त्याने १८३६ पासून पाहिलं होतं. लोक खवळले, ठार मारायच्या धमक्या आल्या. तेव्हा तो उघड्या खिडकीत दिवा लावून बसायचा आणि बायको मार्गारेट पियानो वाजवायची, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

वोलच्या हल्ल्यानंतर मात्र लोकांच्या समाधानासाठी सॉमरव्हेलच्या हाताखाली तुकडी पाठवावी लागली. सॉमरव्हेलने परतायचा हुकूम दिला, तो झुगारून तीनशेच्या आसपास माणसं रिओ ग्रान्दे नदी ओलांडून मिएर या मेक्सिकन गावावर गेली आणि शरण आली. कैदेतून पळालेल्या १७६ जणांना पुन्हा पकडल्यावर दहातला एक मारायचं ठरलं. मडक्यात १५९ पांढरे घेवडे आणि १७ काळे. काळा दाणा आला तो २५ मार्च १८४३ ला गोळीने गेला.

शेवटी विलीनीकरण झालं कसं?

अमेरिकेला मत्सर वाटेल अशी तजवीज करून. ह्यूस्टन आणि त्याच्यानंतरचा ॲन्सन जोन्स ब्रिटन आणि फ्रान्सशी गोडगोड बोलत राहिले. ब्रिटनचा प्रतिनिधी होता चार्ल्स एलियट, तोच ज्याने १८३९ मध्ये कँटनला वीस हजारांवर पेट्या अफू चिन्यांच्या हवाली केली होती. त्यात मुंबईहून गेलेली माळव्याची अफूही होती, त्यामुळे आपल्याकडच्या पेढ्यांना हे नाव आधीच ठाऊक झालेलं.

१८४४ चा विलीनीकरणाचा तह अमेरिकी सिनेटने ३५ विरुद्ध १६ असा पाडला. मग १ मार्च १८४५ ला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावाने वाट काढली. एलियटच्या खटपटीने मेक्सिको मान्यता द्यायला तयार झाला, अट एवढीच की अमेरिकेत जायचं नाही. जोन्सने दोन्ही प्रस्ताव समोर ठेवले, टेक्सासने अमेरिका निवडली.

टेक्सासला हवं तेव्हा अमेरिकेतून बाहेर पडता येतं म्हणतात. खरं का?

खोटं. तसं कलम कुठेही नाही आणि १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला एकतर्फी बाहेर पडता येत नाही असा निकाल दिला, तोही टेक्सासच्याच खटल्यात. १८४५ च्या ठरावात आहे ते इतकंच, की टेक्सासमधून आणखी चारपर्यंत नवी राज्यं काढता येतील.

मुलांना घेऊन काय बघावं?

सॅन जसिंटोचा ५६७ फुटी स्तंभ सगळेच बघतात. त्यापेक्षा वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला जा. जाहीरनाम्याच्या घराची प्रतिकृती तिथे आहे आणि जवळच ॲन्सन जोन्सचा मळा, जिथे त्या काळची शेती करून दाखवतात. त्या मळ्यावर गुलाम राबत होते, मुलांना तेही सांगा. ऑस्टिनला सालिन्यीसाठी बांधलेलं घर शाबूत आहे, आणि काँग्रेस ॲव्हेन्यूवर तोफ डागणाऱ्या एबर्लीबाईंचा पुतळा. येताना लामार बुलेवार्ड आणि बर्नेट रोड लागतीलच. दोघांची नावं ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मुलांना विचारायला बरी पडतात.